चार घास कमी खाण्याआधी

कमी खाऊन निरोगी आणि जास्त जगायचं मनावर घेतलं की बहुतेकजण सोमवारपासून एक पोळी कमी करतात आणि गुरुवारी संध्याकाळी स्टेशनबाहेर वडापावच्या गाडीपाशी उभे असतात. खोट निश्चयात नसते, तयारीच झालेली नसते. ही यादी त्या सोमवारच्या आधीच्या पंधरा दिवसांची आहे. या पंधरा दिवसांत जेवण अजिबात कमी करायचं नाही, हे आधीच सांगून ठेवते.

पहिलं काम, अपेक्षा ठरवणं. १९३५ साली कॉर्नेल विद्यापीठात क्लाइव्ह मॅके यांनी उंदरांना पोषण पुरेसं पण उष्मांक (कॅलरी) कमी दिले आणि ते उंदीर जास्त जगले. तिथून हा विषय सुरू झाला. पुढे माकडांवर अमेरिकेत दोन दीर्घ अभ्यास झाले. विस्कॉन्सिनमधली कमी खाणारी माकडं जास्त जगली, सरकारी वार्धक्य संस्थेतल्या माकडांच्या आयुष्यात मात्र तसा फरक दिसला नाही. दोन्हीकडचा चारा वेगळा होता आणि तुलनेसाठी ठेवलेल्या माकडांना किती खाऊ दिलं हेही वेगळं होतं. माणसांवरचा महत्त्वाचा अभ्यास ‘कॅलरी’ (CALERIE) नावाचा, दोन वर्षांचा. त्यात २१८ जण होते, लठ्ठ कुणीच नव्हतं. ज्यांना कमी खायचं होतं त्यांचं उद्दिष्ट २५ टक्के कपातीचं होतं, प्रत्यक्षात जमली सुमारे १२ टक्के. तेवढ्यावरही वजन सरासरी साडेसात किलो उतरलं, रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल सुधारलं. रक्तातल्या डीएनएवरच्या खुणांवरून मोजलेला म्हातारपणाचा वेग दोन-तीन टक्क्यांनी मंदावल्याचं २०२३ मध्ये प्रसिद्ध झालं. आयुष्य किती वाढलं हे मात्र कुणी मोजलेलं नाही. म्हणून माझं मत असं, की हृदयासाठी आणि साखरेसाठी करा. शंभरी गाठायला म्हणून करू नका. आणि आकडा १० ते १२ टक्क्यांचाच धरा. तयार माणसं, हाताशी तज्ज्ञ, आणि तरी २५ जमले नाहीत, तर अंधेरी ते चर्चगेट रोज उभ्याने जाणाऱ्याने तो हट्ट कशाला धरायचा?

दुसरं, आपण यात बसतो का ते बघणं. त्या अभ्यासात बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा, २२ ते २८ च्या दरम्यान असलेलेच लोक घेतले होते. म्हणजे उंची १६५ सेंटीमीटर असेल तर वजन साधारण ६० ते ७६ किलो. त्याखालच्या, अंगाने आधीच बारीक असलेल्यांनी ही वाट सोडून द्यावी. गरोदर बाई, अंगावर पाजणारी आई, वाढीच्या वयातली मुलं, खाण्याच्या विकारातून गेलेली माणसं आणि हाडं ठिसूळ झालेले आजी-आजोबा, यांच्यासाठी हे नाही. घरातल्या एकाने सुरू केलं म्हणून सगळ्यांच्या ताटाला कात्री लावायची नाही.

मग डॉक्टर. नेहमीच्या फॅमिली डॉक्टरांकडे जा, पण रिकाम्या हाताने नको. हिमोग्लोबिन, उपाशीपोटीची साखर आणि एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर), लिपिड (रक्तातली चरबी), थायरॉइड, क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी), बी१२ आणि ड जीवनसत्त्व असे रिपोर्ट बरोबर असले की बोलणं पुढे सरकतं. चाळिशी ओलांडलेल्या बायकांनी हाडांच्या घनतेची तपासणी करावी का हेही विचारून घ्यावं, कारण ‘कॅलरी’ अभ्यासात कमरेच्या आणि मांडीच्या वरच्या हाडांची घनता घटल्याचं दिसलं होतं. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल, किंवा रक्तदाबाची गोळी असेल, तर डोस बदलावा लागेल का हे विचारल्याशिवाय एक घासही कमी करू नका. सकाळच्या गर्दीत दोन खांद्यांच्या मध्ये अडकलेल्या माणसाची साखर उतरली तर त्याला खाली बसायलासुद्धा जागा नसते. अशा माणसाच्या बॅगेत ग्लुकोजची पुडी कायम हवी.

चौथी गोष्ट विकत आणायची: एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा स्वयंपाकघरातला डिजिटल काटा. क्रॉफर्ड मार्केटच्या गल्ल्यांत मिळतो, ऑनलाइनही मिळतो, भारी घ्यायची गरज नाही. जास्तीचे सेल घेऊन ठेवा. आणि घरातली एक वाटी, एक पळी, एक चहाचा चमचा ‘मापाचा’ म्हणून ठरवून टाका. डाळ-तांदूळ नेहमी कच्चे मोजायचे. शिजलेल्या भातात पाणी किती, यावर रोज वाद घालत बसायला कुणाला वेळ आहे?

काटा आला की पहिल्यांदा तेलाचा डबा त्यावर ठेवा. सगळ्या यादीत मला हेच काम सर्वात मोलाचं वाटतं, आणि नेमकं हेच कुणी करत नाही. घरात चार माणसं आणि महिन्याला पाच लिटरचा कॅन संपतो असं धरू. पाच लिटर तेल म्हणजे साधारण साडेचार किलो. माणशी रोजचे जवळपास ३८ ग्रॅम झाले, म्हणजे ३४० उष्मांक, आणि त्यात तूप, खोबरं, दाण्याचं कूट अजून धरलेलंच नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने दिवसाला २००० उष्मांकांच्या आहारासाठी तेल-तुपाचं प्रमाण २७ ग्रॅम सांगितलं आहे. ३८ चे २७ केले तर शंभरेक उष्मांक गेले. १९०० खाणाऱ्याला १२ टक्के म्हणजे २३० च्या आसपास कमी करायचे असतात. त्यातला चाळीस टक्क्यांहून जास्त भाग एकही घास न सोडता फोडणीतूनच निघाला. त्या सोमवारपासून फोडणी कशी घालायची ते आता ठरवा. बाटली वाकडी करून कढईत ‘अंदाजे’ तेल सोडायचं बंद. चहाचा चमचा आत ठेवूनच तेल काढायचं. भाजीला दोन चमचे, आमटीला एक. मोहरी तडतडायला तेवढं पुरतं, कढई तेवढी लहान घ्या.

पोळीचंही तसंच. २५ ग्रॅम कणकेची पोळी ८५ उष्मांकांची. तिच्या घडीत आणि वरून मिळून एक चमचा तेल गेलं की आणखी ४५. म्हणजे पोळी कमी करण्याआधी तिचं तेल कमी करावं. जिला फुलके जमतात ती सुटली. ज्वारीची भाकरी तर तशीच बिनतेलाची, फक्त तिच्या शेजारी ठेचा कसला आहे ते बघावं.

चहाबद्दल फार बोलत नाही, भांडणं होतात. दोन चमचे साखर म्हणजे ४० उष्मांक, आणि ऑफिसात चार कप होतात. गुणाकार तुम्हीच करा आणि त्या सोमवारपासून दर चार दिवसांनी अर्धा चमचा उतरवत जा.

याच पंधरवड्यात एक वही करा. रोज जे खाल्लं ते लिहायचं, वजन सकाळी एकाच वेळी करायचं. वजन स्थिर राहिलं तर रोजची सरासरी म्हणजेच तुमची गरज, आणि कपात करायची ती त्यातून. इंटरनेटवरच्या सूत्रापेक्षा हा आकडा तुमच्या अंगाचा आहे. चव घेताना तोंडात टाकलेलं, मुलांनी ताटात टाकलेलं आणि ट्रेनमध्ये मैत्रिणीने पुढे केलेली चकली, हेही लिहायचं. उपासाचा दिवस तर नक्की लिहा. साबुदाण्याची खिचडी, दाण्याचं कूट, तूप, बटाटा मिळून भरलेली बशी सहज चारशेच्या पुढे जाते, आणि ती दोनदा होते. एकादशी दुप्पट खाशी उगाच म्हणत नाहीत.

आता ताटात काय वाढवायचं. कपातीत सर्वात आधी मरतात ती प्रथिनं. किलोला ०.८३ ग्रॅमचा हिशेब धरला तर साठ किलोच्या माणसाला रोज ५० ग्रॅम लागतात, आणि वरण-भातावर ते भरत नाहीत. ३० ग्रॅम तूरडाळीतून साडेसहा, एका अंड्यातून सहा, २५ ग्रॅम सोयाबीनच्या वड्यांतून तेरा, शंभर ग्रॅम सुरमईतून वीस. कोळणीकडून मासा घ्यायचा तो तळायला नाही, तव्यावर चमचाभर तेलात किंवा कालवणाला. श्रावण पाळणाऱ्यांनी मटकी, मूग, चवळी भिजत घालायचे वार आधीच ठरवून फ्रीजवर लावावेत. भिजवायचं राहिलं की दुसऱ्या दिवशी बटाट्याची भाजी होते, हा सगळ्या घरांचा नियम आहे.

डबा बाहेरून येत असेल तर पोळीभाजी केंद्रात आधी बोलून घ्या: पोळी बिनतेलाची आणि भाजीवर तवंग नको. ऐकतात, रोजचं गिऱ्हाईक असेल तर नक्की ऐकतात. खरी कसोटी मात्र संध्याकाळी पाच ते आठची. दुपारचा डबा जिरलेला असतो, घर दीड तासावर असतं, आणि स्टेशनबाहेर तेलाचा वास. एका वडापावात तीनशेच्या आसपास उष्मांक असतात, म्हणजे दिवसभराची सगळी कपात तिथेच संपते. तेव्हा ऑफिसच्या खणात भाजलेल्या चण्यांचा डबा हवा, आणि मूठभर चणे निघण्याआधी खायचे, उतरल्यावर नाही.

घरच्यांना सांगणं हेही तयारीतच येतं. सासूबाई वाढायला उभ्या असताना ‘डाएट आहे’ म्हटलं की आग्रह दुप्पट होतो. ‘आई, पोट भरलं, आमटी छान झालीये, उद्याच्या डब्याला द्या’ असं म्हटलं की वाद मिटतो. लग्नाला, मुंजीला गेलात तर त्या दिवशी वही मिटा आणि जेवा. सुरुवातीची तारीखही बघून घ्या. गणपतीच्या आदल्या आठवड्यात किंवा फराळाचे डबे भरलेले असताना कुणी मुहूर्त धरू नये. सलग महिनाभर मोठा सण नाही असा काळ निवडा. आंबे संपल्यावर, जूनच्या शेवटी, बरं पडतं.

हाडं आणि स्नायू टिकवायला नुसतं चालणं पुरत नाही. वजन पेलायचा व्यायाम आठवड्यातून दोन-तीनदा हवा. उठाबशा, भिंतीला रेटून दंड, रबरी पट्टे, हे दहा बाय दहाच्या खोलीतही होतं. जूनमध्ये सुरू करणार असाल तर पावसात मैदान बंद होणार हे धरूनच चाला.

शेवटी वहीच्या मागच्या पानावर थांबायच्या खुणा लिहून ठेवा, सुरू करण्याआधी, कारण नंतर आपण स्वतःला समजावतो. पाळी चुकणं, केस गळणं, एसी नसतानाही थंडी वाजणं, उठताना चक्कर, आणि सतत खाण्याचाच विचार. १९४४-४५ मध्ये मिनेसोटात अँसेल कीज यांच्या प्रयोगात ३६ धडधाकट तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं होतं, तेव्हा त्यांतले काही पाककृतींची पुस्तकं जमवायला लागले होते. तुम्ही रात्री झोपायच्या वेळी पदार्थांचे व्हिडिओ बघत बसलात तर पोळी परत वाढवा. वजन महिन्याला दीड किलोच्या वर उतरत असेल तरीही वाढवा. तीन महिन्यांनंतरची रक्ततपासणीची तारीख आजच कॅलेंडरवर लिहा आणि डॉक्टरांची अपॉइंटमेंट त्याच आठवड्यातली घ्या.