परवानग्या बरोबर, तरी ४०३? एसईलिनक्सचं लेबल तपासा

वेब सर्व्हर अपाचे चालू आहे, फाइलला ६४४ (सगळ्यांना वाचण्याची परवानगी) आहे, वरच्या प्रत्येक फोल्डरला एक्स (आत जाण्याची परवानगी) आहे, तरी पान ४०३, म्हणजे 'प्रवेश नाकारला', देतंय. सर्व्हर रॉकी, अल्मा, फेडोरा किंवा रेडहॅट लिनक्स असेल तर आता लेबल बघा. एसईलिनक्स ही लिनक्समधली जादा सुरक्षा-यंत्रणा; ती प्रत्येक फाइलला एक लेबल लावते आणि त्यावरून कोणाला हात लावू द्यायचा ते ठरवते. कृपा करून ७७७ (सगळ्यांना सगळ्या परवानग्या) करू नका. एसईलिनक्सची तपासणी नेहमीच्या परवानग्यांनंतर वेगळी होते, त्यामुळे दार तसंच बंद राहतं आणि फाइल मात्र सगळ्यांना लिहिण्याजोगी होते.

'ऑसर्च -एम एव्हीसी -टीएस रीसेंट' चालवा. गेल्या दहा मिनिटांतले नकार दिसतील. त्यात 'टीकॉन्टेक्स्ट'पुढे फाइलचं लेबल असतं. तिथे 'यूझर_होम_टी' दिसलं, तर फाइल बहुधा होम फोल्डरमधून 'एमव्ही'ने हलवलेली आहे. 'एमव्ही' जुनं लेबल सोबत नेतं. साधं 'सीपी' नव्या फोल्डरचं घेतं. उपाय सोपा: 'रिस्टोअरकॉन -आरव्ही /व्हार/डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू/एचटीएमएल'. यातला आर मोठ्या लिपीतला. आधी नुसतं बघायचं असेल तर '-एन' जोडा.

नकार दिसलाच नाही, तर 'सेटएनफोर्स ०' करून (याने एसईलिनक्सचं अडवणं तात्पुरतं थांबतं) पान उघडून बघा आणि लगेच 'सेटएनफोर्स १' करा. तेवढ्यात पान उघडलं, तर अडवणारं एसईलिनक्सच. काही नकार एसईलिनक्सच्या धोरणानुसार, म्हणजे त्याच्या नियमसंचानुसार, नोंदलेच जात नाहीत.

साइट '/डेटा/साइट'मध्ये ठेवली असेल तर नुसतं 'रिस्टोअरकॉन' पुरत नाही. धोरणाला तो मार्ग ठाऊक नसतो, म्हणून ते 'डिफॉल्ट_टी'च लावतं. आधी त्या मार्गाला अपाचेला वाचता येणारं लेबल देणारा नियम घाला:

सेमॅनेज एफकॉन्टेक्स्ट -ए -टी एचटीटीपीडी_सिस_कंटेंट_टी '/डेटा/साइट(/.*)?'

अवतरणचिन्हं गाळली तर शेल कंसांवर अडखळतं. या आज्ञेने डिस्कवरचं लेबल बदलत नाही, फक्त नियम नोंदला जातो. पुढचं 'रिस्टोअरकॉन -आरव्ही /डेटा/साइट' विसरल्यामुळेच बरेच जण तासन्‌तास अडकतात. 'सेमॅनेज' सापडत नसेल तर 'पॉलिसीकोअरयुटिल्स-पायथन-युटिल्स' पॅकेज बसवा.

अपलोडच्या फोल्डरला, आणि फक्त त्यालाच, अपाचेला लिहूही देणारं 'एचटीटीपीडी_सिस_आरडब्ल्यू_कंटेंट_टी' लेबल द्या. सगळ्या साइटला दिलंत, तर पीएचपीतली एखादी फट सापडलेला माणूस तुमचा कोडच बदलू शकेल.

नियम न घालता थेट लेबल बदलणारं 'सीएचकॉन' चाचणीपुरतं ठीक. रीबूटनंतर ते टिकतं, म्हणून काम झालंसं वाटतं; पुढच्या 'रिस्टोअरकॉन'मध्ये मात्र पुसलं जातं.

लेबल बरोबर आहे, पण पीएचपी दुसऱ्या मशीनवरच्या डेटाबेसला जोडत नाही? मग तो बुलियनचा, म्हणजे एसईलिनक्समधल्या चालू-बंद खटक्याचा, प्रश्न: 'सेटएसईबूल -पी एचटीटीपीडी_कॅन_नेटवर्क_कनेक्ट_डीबी ऑन'. इथला पी मोठ्या लिपीतला. तो राहिला तर रीबूटनंतर तीच तक्रार पुन्हा येईल.