डायलिसिसवरील रुग्णाचे क्षारसंतुलन घरी कसे सांभाळावे

पथ्य ठरवण्यापूर्वी रुग्णाचे डायलिसिस कोणत्या प्रकारचे आहे, हे पाहावे. यंत्रावरील हिमोडायलिसिस साधारणतः आठवड्यातून 3 वेळा, सुमारे 4-4 तास चालते आणि मधल्या दिवसांत पोटॅशियम रक्तात साठत जाते. पोटातून होणारे सीएपीडी (पोटात नळीने द्रव भरून काही तासांनी तो बदलण्याचे डायलिसिस) मात्र घरी रोजच चालते व त्याच्या द्रवात सहसा पोटॅशियम नसते. त्यामुळे काही रुग्णांचे पोटॅशियम इतके उतरते की डॉक्टर स्वतःहून केळे खायला सांगतात. शेजारच्या खाटेवरच्या रुग्णाचे पथ्य आपल्या घरी आणू नये, ते यासाठीच.

नंतर पोटॅशियम, कॅल्शियम आणि फॉस्फरस यांचे दर महिन्याचे आकडे एका वहीत एकाखाली एक लिहावेत. हिमोडायलिसिसच्या रुग्णाचे रक्त त्या दिवशीचे डायलिसिस सुरू होण्यापूर्वी घेतलेले असावे, अन्यथा आकडे फसवे निघतात.

स्वयंपाकात भाज्या सोलून, बारीक चिरून, भरपूर पाण्यात उकळाव्यात आणि ते पाणी ओतून द्यावे. कोल्हापूरकरांची अडचण इथेच होते, कारण तांबड्या-पांढऱ्या रश्श्यात मटणातून उतरलेले क्षार वाटीतच राहतात आणि पांढऱ्यात नारळाच्या दुधाची भर पडते. रुग्णाने खायचेच असेल, तर आहारतज्ज्ञांनी ठरवून दिलेले मटणाचे तुकडे घ्यावेत, रस्सा सोडावा. मिसळीचा कट, शहाळे, उसाचा रस आणि गूळ यांचीही हीच गत. ‘कमी सोडियमचे’ मीठ तर घरात आणूच नये. त्यात बहुधा पोटॅशियम क्लोराइड असते.

फॉस्फरस अधिक चिवट. तो मुख्यतः हाडांत आणि पेशींत असल्याने दोन्ही प्रकारच्या डायलिसिसने पुरेसा निघत नाही. वाढला की कॅल्शियमशी जुळून रक्तवाहिन्यांत साचतो. त्यासाठी दिलेली सेव्हेलॅमर किंवा कॅल्शियम ॲसिटेटची गोळी जेवणाच्या घासांबरोबरच घ्यावी. उपाशीपोटी घेतलेली गोळी अन्नातला फॉस्फरस अडवू शकत नाही. आमच्या मते सर्वांत जास्त गफलत होते ती इथेच. कोला आणि फॉस्फेट घातलेले पाकिटातले पदार्थ टाळावेत, कारण त्यांतला फॉस्फरस डाळीतल्यापेक्षा कितीतरी सहज शोषला जातो.

हिमोडायलिसिसच्या दोन पाळ्यांमध्ये आठवड्यातून एकदा मोठा खंड पडतो. त्या काळात पथ्य सर्वांत कडक ठेवावे, आणि हातापायांतले बळ गेल्यासारखे वाटले किंवा छातीचे ठोके चुकू लागले, तर पुढच्या पाळीची वाट न पाहता त्याच घटकेला रुग्णालय गाठावे.