रेझिन इन्फ्युजनचं सिम्युलेशन जुळत नाहीये? या चुका टाळा

रेझिन इन्फ्युजनमध्ये मोल्डवर कोरडं फॅब्रिक रचून वर बॅग लावतात, आतली हवा ओढून घेतात आणि त्या ओढीनं रेझिन फॅब्रिकमध्ये भरतं. एकदा व्हॅक्यूम बॅग काढली आणि पॅनेलच्या मधोमध तळहाताएवढा पांढरा डाग दिसला. तिथं रेझिन पोचलंच नव्हतं. सिम्युलेशनमध्ये मात्र हाच भाग छान भरला होता. नंतर कडेला, फॅब्रिक आणि मोल्डच्या मध्ये, जेमतेम दोन मिलिमीटरची फट सापडली. रेझिन त्या फटीतून पुढं पळालं, व्हेंटला (हवा बाहेर ओढायच्या तोंडाला) आधी पोचलं आणि मधली हवा कोंडली गेली. आठवडाभराचं लेअप (रचलेले थर) भंगारात गेलं, याची हळहळ मला अजून वाटते.

म्हणून मॉडेलमध्ये कडेच्या पट्टीला वेगळी, जास्त पर्मिअ‍ॅबिलिटी (द्रव आतून वाहू देण्याची क्षमता) द्या. फट डावीकडे, उजवीकडे, दोन्हीकडे असं धरून तीनदा रन करा. व्हेंटची जी जागा तिन्ही वेळा चालते, तीच घ्या.

डेटाशीटमधली व्हिस्कॉसिटी (रेझिनचा घट्टपणा) बहुधा 25 अंशांची असते. पुण्यात डिसेंबरच्या सकाळी शेडमध्ये 15 अंश असतील, तर तेच इपॉक्सी दुप्पट किंवा त्याहूनही घट्ट होतं, आणि भरायचा वेळ त्याच पटीत वाढतो. हा हिशोब डार्सीच्या नियमाचा, म्हणजे सच्छिद्र थरातून द्रव किती वेगानं वाहतो ते सांगणाऱ्या नियमाचा. दिजाँ शहराच्या पाणीपुरवठ्यासाठी वाळूतून पाणी गाळताना हेन्री डार्सी यांना तो सापडला, 1856 साली तो छापून आला. त्याच नियमानं रेझिनला जायचं अंतर दुप्पट झालं की वेळ चौपट लागतो.

फॅब्रिकचा आकडाही दुसऱ्याच्या रिपोर्टमधून उचलू नका. जीएसएम (दर चौरस मीटरचं वजन) तेच असलं तरी विणकाम बदललं की पर्मिअ‍ॅबिलिटी पार बदलते. घरच्या घरी मोजता येते: जाड काचेवर तुमच्या थरांची लांब पट्टी फ्लो मेश (रेझिन पटकन पसरवणारी जाळी) न लावता बॅग करा, ज्याची व्हिस्कॉसिटी माहीत आहे असं तेल सोडा आणि दर मिनिटाला तेल कुठवर आलं त्याची मार्करनं खूण करा. अंतराचा वर्ग आणि वेळ यांचा आलेख सरळ रेषेत यायला हवा; तिच्या चढावरून पर्मिअ‍ॅबिलिटी निघते. रेषा वाकली तर आधी बॅगची गळती शोधा.

क्युरिंगचं, म्हणजे रेझिन कडक होण्याचं, मॉडेल डीएससीच्या (नमुना तापवून उष्णता मोजणाऱ्या चाचणीच्या) आकड्यांवर बेता. जाड लॅमिनेटमध्ये (थर आणि रेझिनच्या पॅनेलमध्ये) कडक होताना निघणारी उष्णता आतच कोंडते आणि मधला भाग ओव्हनपेक्षा गरम होतो. तिथं एक थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) ठेवा. तपासणीचा नमुना फक्त कडेच्या कापातून घेऊ नका, मधलाही घ्या.