रेकॉर्डिंगवरून ॲपनं काढलेला मजकूर वाचण्यासारखा कसा करायचा

आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा भागात हल्ली बऱ्याच घरांत नातवंडं मोबाईल घेऊन आजी-आजोबांजवळ बसतात, जुन्या गोष्टी रेकॉर्ड करतात आणि मग ते रेकॉर्डिंग कुठल्यातरी ॲपमध्ये टाकून त्याचा मजकूर काढतात. फार चांगलं काम आहे हे. पण जो मजकूर निघतो तो कोणालाच वाचता येत नाही, दहा-दहा पानं सलग, एक पूर्णविराम नाही, कोण बोलतंय ते कळत नाही, अर्धे शब्द भलतेच. मग ती फाइल माझ्याकडे येते. अशा पन्नासेक फाइली तरी मी साफ केल्या असतील, म्हणून सांगतो.

पहिले तर तो सल्ला डोक्यातून काढा की एआयला द्यायचं आणि म्हणायचं शुद्ध मराठीत करून दे. तो देतो करून, अगदी गोड देतो, पण जिथं त्याला कळलं नाही तिथं मनानं भरतो आणि मग चूक कुठं आहे हे शोधायलाच जागा राहत नाही. मूळ मजकूर ओबडधोबड असतो तेव्हा निदान दिसतं तरी की इथं काहीतरी गडबड आहे.

मूळ फाइलची कॉपी करून ठेवा आणि काम कॉपीवर करा. जुनी टाइप केलेली फाइल कृतिदेव वगैरे जुन्या फॉन्टमध्ये असेल तर आधी युनिकोडमध्ये, म्हणजे मोबाईलवर चालणाऱ्या मराठी अक्षरांत, बदलून घ्या, नाहीतर पेस्ट केल्यावर नुसता कचरा दिसतो.

मग कानात हेडफोन घालून एकदा पूर्ण ऐका, समोर मजकूर ठेवून, आणि फक्त बोलणारा बदलला की नवी ओळ करा. ‘आबाजी’, ‘नातू’ एवढं लिहिलं तरी पुरे. जिथं ऐकू येत नाही तिथं चौकटी कंसात वेळ टाका, [१२:४० ऐकू येत नाही] असं. अंदाजानं शब्द भरू नका.

आता शब्द. ॲपला आपली शेती कळत नाही. ‘पऱ्हाटी’चं (कपाशी) मराठी होतं, ‘पंधरा एकर मराठी होती’ असं वाक्य मी स्वतः दुरुस्त केलंय. वावरचं (शेत) वापर होतं, बंडीचं (बैलगाडी) बंदी, डवऱ्याचं (कोळपणीचं अवजार) दौरा, सालदाराचं (वर्षाच्या बोलीवरचा गडी) सरदार, धुऱ्याचं (शेताचा बांध) धूर. आपल्या गावच्या अशा शब्दांची एक वही करून ठेवा, तिसऱ्या-चौथ्या फाइलीपासून काम निम्म्यावर येतं. काही शब्द ॲपनं बरोबर लिहिलेले असतात, आणि आपणच शहाणपणा करून बिघडवतो. एका पोरीनं ‘शकुंतला आली की बाया घरी निघत’ या वाक्यात शकुंतलाच्या पुढं ‘काकू’ लावलं होतं. अगं ती रेल्वे, मूर्तिजापूर-यवतमाळची छोटी गाडी, तिच्या वेळेवर बाया वावरातून निघायच्या! तसंच भंडाऱ्याकडच्या माणसाच्या बोलण्यात ‘मामा तलाव’ आला तर तो कोणाच्या मामाचा नसतो, माजी मालगुजारी तलाव, म्हणजे जुन्या जमीनदारांच्या काळातला, त्याचं ते आखूड नाव आहे.

फाइंड-रिप्लेस वापरा, पण सगळं एकदम बदलू नका. ‘शेता मध्ये’, ‘घरा मध्ये’ असं तुटलेलं जोडायला ठीक आहे. पण ‘वर’ जोडायला गेलात तर ‘माडीच्या वर’ पण चिकटून जाईल. ‘शेतकर्यांनी’, ‘दुसर्या’ असं येतं त्याचं ‘शेतकऱ्यांनी’, ‘दुसऱ्या’ करायचं असतं, तर एकेक शब्द घेऊन करा. कोणीतरी सांगतो की सगळे ‘र्य’ बदलून ‘ऱ्य’ टाका, तसं केलं की सूर्य आणि कार्य दोन्ही बिघडले. आणि ॲप ‘मले’चं (म्हणजे ‘मला’) बऱ्याचदा ‘मुले’ करतं, तेही सगळं एकदम बदललं तर ज्या वाक्यात खरंच मुलं आहेत ती मुलं गायब.

आता खरा त्रास कुठं आहे ते सांगतो, पूर्णविराम टाकण्यात. लोकांना वाटतं हे सोपं, श्वास घेतला की टिंब. तसं नाही. आपली म्हातारी माणसं दुसऱ्याचं बोलणं त्याच्याच तोंडचं सांगतात आणि मध्ये एक ‘म्हणे’ टाकतात, बस. त्यामुळे मजकुरातला ‘मी’ हा सांगणारा असेलच असं नाही. त्यात आपला ‘ना’. ‘गेलो ना’ म्हणजे गेलोच की. ॲप मात्र कित्येकदा त्याचं सरळ ‘नाही’ करून टाकतं.

माझ्याकडं एका आबाजींची फाइल होती, सुरुवातीच्या दिवसांतली. मजकुरात असं होतं: ‘तो म्हणे मी वावर विकतो मी नाही म्हटलं मग माझ्या बापाने पैसे दिले नाही दोनशे रुपये.’ मी घाईत होतो, रेकॉर्डिंग परत ऐकलं नाही, आणि छान प्रमाण मराठीत करून दिलं: तो म्हणाला, मी शेत विकतो. मी काही बोललो नाही. मग माझ्या वडिलांनी दोनशे रुपये दिले नाहीत. प्रिंट काढली, घरी नेऊन दिली, नातवानं वाचून दाखवली. आबाजी गप्प झाले. मग हळूच म्हणाले, “म्या नाई म्हनलं होतं त्याले, इकू नको म्हनून. अन् बापानं देल्ले ना पैसे!” म्हणजे शेजाऱ्याची जमीन वाचावी म्हणून ज्या माणसानं पदरचे दोनशे रुपये काढून दिले त्याला मी पैसे न देणारा करून टाकला, तेही त्याच्या लेकासमोर, कागदावर छापून. मला आजही ते वाक्य आठवलं की बसवत नाही.

तेव्हापासून माझा नियम आहे आणि तो मी मोडत नाही, मजकुरात जिथं जिथं ‘नाही’ किंवा ‘ना’ आहे तिथं तिथं रेकॉर्डिंग पाच सेकंद मागं घ्यायचं आणि ऐकायचं. कंटाळा येतो, तासाच्या रेकॉर्डिंगमध्ये शंभर-दीडशे जागा निघतात, तरी करायचं. खरा नकार असेल तर ‘नाई’ लांब येतं, त्याच्यावर जोर असतो. होकाराचा ‘ना’ क्रियापदाला चिकटून झटकन येतो आणि जोर क्रियापदावर राहतो. व्याकरणावर भरवसा ठेवू नका, प्रमाण भाषेत ‘दिले नाहीत’ होतं पण आपल्याकडं नकारातही ‘देल्ले नाई’च म्हणतात, त्यामुळे ‘नाही’ पाहून एकवचन-अनेकवचनानं काही कळत नाही. पुढचं वाक्य पाहा. लगेच रक्कम सांगितली असेल तर पैसे बहुतेक दिलेलेच असतात. आणि ‘मी नाही म्हटलं’ असं आलं तर दोनदा ऐका, त्यानं नकार दिला की तो बोललाच नाही, दोन्ही होऊ शकतं. नकार दिला असेल तर अवतरणात टाका, मी ‘नाही’ म्हटलं, म्हणजे वाचणाऱ्याला शंका राहत नाही.

‘म्हणे’चंही तसंच. प्रत्येक ‘म्हणे’जवळ थांबून विचारा की हा ‘मी’ कोण, आणि दुसऱ्याचं बोलणं अवतरणात घाला. हे झालं की पूर्णविराम आपोआप दिसायला लागतात.

आकडे आणि सालं कानानं तपासा. एकोणसाठ आणि एकोणसत्तर यांची गल्लत फार होते. सांगणारा म्हणत असेल की तेव्हा महाराष्ट्र झाला नव्हता, तर ते १ मे १९६० च्या आधीचं, म्हणजे एकोणसाठच. नागपूर (जुन्या मध्य प्रदेशाची) राजधानी होती म्हणत असेल तर १ नोव्हेंबर १९५६ च्याही आधीचं. पण सांगणाऱ्यानंच साल चुकीचं सांगितलं असेल तर त्याचं वाक्य बदलू नका, खाली टीप द्या.

वऱ्हाडी ठेवायची की नाही? ठेवायची. मले, काहून (का), जाऊन रायलो (जातोय), हे जसंच्या तसं राहू द्या, तो माणूस तसाच बोलतो. पण प्रत्येक उच्चार पकडायच्या मागं लागू नका, ‘पानी’ आणि ‘डोया’ असं पानभर लिहिलं की वाचणारा अडखळतो, तिथं मी पाणी आणि डोळा लिहितो. आणि ॲपनं ‘मला’ लिहिलंय म्हणून न ऐकता सगळीकडं ‘मले’ करू नका, काही माणसं पाहुण्यासमोर, रेकॉर्डिंगसमोर, खरंच ‘मला’ म्हणतात.

‘मंग’, ‘समजलं का’ हे भरतीचे शब्द निम्मे काढा, निम्मे ठेवा.

शेवटी ज्याचं बोलणं आहे त्याला वाचून दाखवा, छापायच्या आधी. १६ पॉइंटमध्ये प्रिंट काढा म्हणजे त्यांना स्वतःलाही वाचता येईल, आणि ते जे सुधारतील ते पेनानं त्याच कागदावर लिहून घ्या. रेकॉर्डिंग डिलीट करू नका, दोन ठिकाणी ठेवा.