खाद्यगाडीची नोंदणी करताना मध्यस्थाचे पैसे वाचवा

वडापावची किंवा डोशाची गाडी सुरू करताना अन्न नोंदणीसाठी इंटरनेटवर शोध घेतला, की सरकारी भासणारी खासगी संकेतस्थळे पुढे येतात आणि साध्या अर्जासाठी भरमसाट पैसे मागतात. वस्तुतः 2011 च्या नियमावलीत लहान विक्रेत्यांच्या नोंदणीचे शुल्क वर्षाला केवळ 100 रुपये ठरवले होते.

1. पत्त्याच्या शेवटी ‘जीओव्ही डॉट इन’ असलेले एफएसएसएआयचे, म्हणजे केंद्र सरकारच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचे, ‘फॉस्कॉस’ संकेतस्थळच उघडावे.

2. छायाचित्र आणि ओळखपत्र मोबाइलमध्ये आधीच तयार ठेवावे. अर्जातील नाव ओळखपत्राप्रमाणे अक्षरशः तसेच लिहावे, कारण अशा किरकोळ तफावतीपायी अर्ज अडकून पडतो.

3. अर्जात स्वतःचाच मोबाइल क्रमांक द्यावा. मध्यस्थाचा क्रमांक दिल्यास पुढील सूचना त्याच्याकडे जातात आणि दर वेळी त्याचीच मनधरणी करावी लागते.

4. चौदा अंकी क्रमांक मिळाल्यावर प्रमाणपत्र गाडीवर ठळक दिसेल असे लावावे.

मात्र या नोंदणीमुळे रस्त्यावर जागेचा हक्क मिळत नाही. 2014 च्या पथविक्रेता कायद्यानुसार महापालिकेचे किंवा नगरपालिकेचे विक्री प्रमाणपत्र वेगळे घ्यावे लागते. शिवाय, घरगुती गॅस सिलिंडर गाडीवर वापरता येत नाही.