प्रोग्रामिंगची भाषा निवडताय? आधी तिची दोरी कोणाच्या हातात आहे ते बघा

नवीन प्रोजेक्ट सुरू करताना आपण स्पीड बघतो, लायब्ऱ्या बघतो, आणि लायसन्स ओपन सोर्स आहे म्हटलं की विषय संपला. पण उद्या तुमचं सॉफ्टवेअर, भाषा बनवणाऱ्या कंपनीला काडीचा रस नसलेल्या ऑपरेटिंग सिस्टिमवर न्यायचं झालं, म्हणजे हायकू म्हणा, एखादी बीएसडी म्हणा, तर कंपायलर, म्हणजे कोडचा चालणारा प्रोग्राम बनवणारं सॉफ्टवेअर, तिथे कोण नेणार? लायसन्समध्ये याचं उत्तर नसतं.

आधी एक टेस्ट करा. सोर्स डाउनलोड करा, नेट बंद करा आणि कंपायलर बिल्ड करून बघा. बऱ्याचदा मधेच कळतं की त्याच कंपायलरचं आधीचं व्हर्जन तयार बायनरी (आधीच बनवलेला प्रोग्राम) म्हणून लागतंय. रस्ट या भाषेचं तसंच आहे, प्रत्येक व्हर्जन आधीच्या व्हर्जनने बिल्ड होतं आणि वर एलएलव्हीएम (प्रोसेसरसाठीचा कोड बनवणारं वेगळं सॉफ्टवेअर) लागतंच. गो भाषेचा कंपायलर पण १.५ पासून (२०१५) गोमध्येच लिहिलेला आहे, पण १.४ सीमध्ये असल्यामुळे तिथून पायरी पायरीने वर चढता येतं. नसेल जमत तर क्रॉस कंपाइल करा, म्हणजे दुसऱ्या मशीनवर बसून या सिस्टिमसाठीचा कंपायलर बनवा, हाच सोपा रस्ता.

मग भाषा कुठल्या सिस्टिमवर चालते ते सांगणारं सपोर्टचं पान उघडा. रस्टमध्ये टियर १ म्हणजे टेस्ट होऊन चालणारच, टियर २ म्हणजे बिल्ड होईल एवढीच हमी, टियर ३ म्हणजे तुमचं तुम्ही बघा. आणि हे फक्त तुमच्या कोडपुरतं बघून भागत नाही हं, डिपेंडन्सीचं, म्हणजे तुम्ही वापरता त्या दुसऱ्यांच्या पॅकेजचं पण बघा. २०२१ मध्ये पायथनच्या क्रिप्टोग्राफी पॅकेजमध्ये रस्ट आलं आणि अल्फासारख्या जुन्या प्रोसेसरवर जेंटू (एक प्रकारचं लिनक्स) चालवणाऱ्यांची पंचाईत झाली, त्यांनी स्वतः रस्टची एक ओळ लिहिलेली नसताना.

आता ट्रेडमार्क आणि टेस्ट किट. हे कोणी बघतच नाही, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त इथेच फसतं. अपाची या ओपन सोर्स संस्थेने हार्मनी नावाचं स्वतःचं जावा बनवलं, पण ते अधिकृत जावा ठरायला जी टेस्ट किट (तपासण्यांचा संच) लागते तिच्यासोबत जावा बनवणाऱ्या सन कंपनीने कुठल्या प्रकारच्या मशीनवर चालवायचं यावरच बंधनं घातली. ऑरेकलने सन घेतल्यावरही ते सुटलं नाही, डिसेंबर २०१० मध्ये अपाची जावाचे निर्णय घेणाऱ्या कमिटीतून बाहेर पडली आणि २०११ मध्ये हार्मनी बंद. याउलट मायक्रोसॉफ्टच्या सी-शार्प भाषेचं ईसीएमए या स्टँडर्ड ठरवणाऱ्या संस्थेचं स्टँडर्ड होतं म्हणून मोनो या ओपन सोर्स प्रोजेक्टवाल्यांना ती लिनक्सवर नेता आली, मायक्रोसॉफ्टने डॉटनेट (सी-शार्प ज्यावर चालते ते) खुलं करायच्या कितीतरी वर्षं आधी.

भाषा सांभाळणारं फाउंडेशन आहे म्हणून लगेच निर्धास्त होऊ नका. रस्टच्या फाउंडेशनमध्ये सुरुवातीलाच गूगल, मायक्रोसॉफ्ट, ह्युआवेई, ॲमेझॉनची क्लाउड कंपनी आणि मोझिला अशा पाच कंपन्या होत्या, एकीपेक्षा पाच बऱ्या एवढंच. खरं बघायचं तर भाषेच्या कोडच्या गिटचा लॉग (बदलांची नोंद) काढा आणि गेल्या वर्षभरात कमिट, म्हणजे बदल करणाऱ्यांचे ईमेल डोमेन मोजा. जवळपास सगळे एकाच कंपनीचे निघाले तर तुमच्या कोडमध्ये ऑपरेटिंग सिस्टिमशी बोलणारा भाग पहिल्या दिवसापासून वेगळ्या फाइलींत ठेवा आणि सीआयमध्ये (प्रत्येक बदलानंतर आपोआप बिल्ड आणि टेस्ट करणाऱ्या व्यवस्थेत) दुसरी एखादी सिस्टिम आत्ताच जोडून टाका.