मांजर असलेल्या घरात लिलीचा बुके नको

वाढदिवसाच्या बुकेत हमखास लिली असते. घरात मांजर असेल तर तो बुके दारातूनच शेजाऱ्यांना देऊन टाका. पान, पाकळी, देठ, फुलदाणीतलं पाणी, सगळंच मांजरासाठी विषारी. अंगाला लागलेले केशरी परागकण तिने नुसते चाटले तरी मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. सुरुवातीला उलट्या होतात, लाळ गळते, खाणं सुटतं. मग बरं वाटल्यासारखं दिसतं आणि इथेच लोक फसतात, कारण आतून किडनीचं नुकसान चालूच असतं. म्हणून लक्षणांची वाट न बघता लगेच डॉक्टर गाठा, शक्यतो झाडाच्या फोटोसकट. वेळेत सलाइन लागलं तर वाचण्याची शक्यता चांगली असते. मिठाचं पाणी पाजून उलटी काढायच्या भानगडीत पडू नका.

मनी प्लँट आणि डिफेनबाकिया चावल्यास तोंडाची आग होते, सहसा जिवावर बेतत नाही. कण्हेर मात्र थेट हृदयावर घाला घालते, आणि नर्सरीत ऐटीत मिरवणारा सागो पाम यकृतावर. हिरवाई हवीच असेल तर स्पायडर प्लँट किंवा अरेका पाम आणा. कुरतडलेली पानं दिसतील, तेवढं चालवून घ्या.